डाव्या कडेचा जावई

मुलीनं ज्याच्याशी लग्न करायचं ठरवलं होतं तो माणूस पहिल्यांदा आमच्या घरी आला, तेव्हा मी त्याचा चेहरा नीट पाहिलाच नाही. पाय पाहिले. आमच्याकडे चपला-बूट दाराबाहेर काढायचे, हे मुलीनं त्याला शिकवून आणलं होतं, आणि त्या शहाण्यानं बुटांबरोबर मोजेही काढले. पायाची दोन नखं नव्हतीच. एक काळंनिळं होऊन अर्धं सुटलेलं. बोटांच्या बेचक्यात पांढरी कातडी सोलवटलेली, टाचा भेगाळलेल्या, घोट्यावर जुन्या टाक्यांची शिवण. असले पाय घेऊन तो आमच्या स्वच्छ फरशीवरून चालत आला, वाकला आणि माझ्या पाया पडला. तेही तिनंच शिकवलेलं. 'असू दे, असू दे' म्हणत मी माझे पाय मागे घेतले. बायकोनं ते पाहिलं आणि रात्री मला चांगलंच सुनावलं.

मी सिंगापुरात एका जहाज कंपनीच्या हिशेबखात्यात आयुष्य काढलं आणि आता क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये निवृत्तीचे दिवस काढतो. मुलगी एकुलती एक, इथेच जन्मली, इथेच शिकली. जावई म्हणून माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं ते सांगायला नको. पुण्याचा एखादा चष्मेवाला इंजिनिअर, जो रविवारी सकाळी माझ्याबरोबर हॉकर सेंटरला येऊन कॉफी पिईल आणि सरकारवर टीका करील. हिनं आणला डच.

"करतो काय?" मी विचारलं.

"फुटबॉल खेळतो, बाबा."

"ते ठीक आहे गं. पण करतो काय?"

"बाबा, डोन्ट स्टार्ट लाह."

करत होता तो एवढंच. इथल्या एका क्लबनं त्याला वर्षाच्या करारावर बोलावलं होतं, आणि तो विंगर होता. म्हणजे काय हे त्यानं मला आमच्या जेवणाच्या टेबलावर समजावलं. लोणच्याची बरणी म्हणजे गोल, चमचे म्हणजे समोरचे बचाव करणारे, आणि तो स्वतः म्हणजे टेबलाच्या अगदी डाव्या कडेवरची काड्यापेटी. त्या कडेनं पळत जायचं, चमच्याला चकवायचं आणि चेंडू बरणीसमोर उडवून द्यायचा. गोल दुसऱ्यानं करायचा. "आणि तू?" मी विचारलं. "मी परत पळत मागे येतो," तो म्हणाला. तो इंग्रजीत बोलायचा. इथे त्याचं बोलणं मी माझ्या मराठीत देतो आहे.

लग्न झालं, आणि स्वतःचं बिऱ्हाड होईपर्यंत दोघं आमच्याकडेच राहू लागली. जावई हा दहावा ग्रह असं आपल्याकडे म्हणतात. हा ग्रह सहा फुटी होता आणि आमचं बाथरूम एकच होतं. सकाळी पावावर लोणी लावून तो वर चॉकलेटचा भुगा पेरायचा, आणि ते पाहताना माझा चहा गार व्हायचा. सामन्याच्या दिवशी बिनमिठाचा उकडलेला पास्ता, त्यावर काही नाही, पातेल्यातून थेट. त्याच्या मलमाचा वास असा की बायकोनं वरणाला हिंगाची फोडणी दिली तरी घरात मलमच जिंकायचं. ओले मोजे खिडकीबाहेरच्या बांबूवर, माझ्या धोतराशेजारी. बायको मात्र त्याला 'अहो जावईबापू' म्हणायची, तो नसतानासुद्धा 'त्यांना मुगाची खिचडी आवडते हो' असं आदरानं बोलायची. त्याची एकच गोष्ट मला पटली. तो ताक प्यायचा, तेही पेलेच्या पेले. त्यांच्या देशात म्हणे लोक जेवताना ताकच पितात. त्यात हिंग-जिरं नसतं, पण माणूस सुधारण्याची आशा ठेवायला तेवढं पुरे होतं.

त्याची कारकीर्द मी हळूहळू त्याच्याकडून काढून घेतली. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि दुखापत झालेल्या खेळाडूलाही असतो. गावच्या मैदानाशेजारी डुकरांचा गोठा होता, वारा फिरला की नाक दाबून खेळायचं. लहानपणीच एका मोठ्या क्लबनं उचलून नेलं. पोरं रोज बसनं जायची, अभ्यास बसमध्ये, जेवण बसमध्ये. मग मिसरूड फुटायच्या वयात एका कार्यालयात बोलावून हस्तांदोलन केलं आणि सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. बाहेर त्याची आई गाडीत बसली होती. तिनं गाडी सुरू केली, एवढंच त्यानं मला सांगितलं. पुढे तो दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळला. नवा प्रशिक्षक आला की बाकावर, तो गेला की पुन्हा मैदानात. मध्ये दोनदा त्याला उसना दिला. मी म्हटलं, "उसना म्हणजे?" तर म्हणे आपला क्लब आपल्याला वर्षभर दुसऱ्या क्लबला देतो, मग परत घेतो. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसा जिताजागता माणूस हे लोक उसना देतात! आणि हा ते सांगताना हसत होता. मला त्या धंद्याचा उबग आला. पण आधी जी किळस त्याच्या पायांची वाटत होती, ती आता त्या पायांवर जगणाऱ्यांची वाटायला लागली होती.

बायकोच्या आग्रहानं आम्ही त्याचे सामने पाहायला जाऊ लागलो. छोटं मैदान, एकाच बाजूला बाकं, निम्मी रिकामी. मला एक गोष्ट लगेच कळली. विंगर मैदानाच्या कडेला खेळतो, म्हणजे प्रेक्षकांच्या सगळ्यात जवळ. मधल्या खेळाडूंना शिव्या ऐकू जात नाहीत, याला प्रत्येक शब्द ऐकू जातो. एका अर्ध्यात तो आमच्या नाकासमोर पळायचा, दुसऱ्या अर्ध्यात पलीकडे, आणि त्या दुसऱ्या अर्ध्यात मला जरा श्वास घेता यायचा. "ओई, आंग मो, रन लाह! हॉलिडे आह?" प्लास्टिकच्या पिशवीतून नळीनं कॉफी ओढत बसलेले म्हातारे ओरडायचे. आंग मो म्हणजे गोरा. ज्या माणसाला पासष्टीत जिना चढवत नाही, तो त्याला पळायला सांगायचा! आणि आमचे जावईबापू सगळ्यांदेखत पचापचा थुंकायचे. रस्त्यावर थुंकलं तर दंड करणाऱ्या या देशात गवतावर थुंकायला परवानगी कशी, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मी मान वळवायचो, आणि बायको म्हणायची, "दमलेत हो ते."

त्याच सुमाराला आमच्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांना माझ्याविषयी अचानक फार प्रेम वाटू लागलं. हे ईस्ट कोस्टला कॉन्डोत राहतात, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि मंडळाचा प्रत्येक कार्यक्रम त्यांच्याच हातात असतो. आपण त्यांना बँकवाले म्हणू. याआधी मी नमस्कार केला की हे माझ्या खांद्यावरून मागे कोण आहे ते पाहायचे. आता गणेशोत्सवात त्यांनी माझ्या जावयाचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि परिचय. आपल्या लोकांना परिचय करून देताना काय होतं देव जाणे. अकाउंटंटचा अर्थतज्ज्ञ होतो, दोन कविता केलेल्या बाईची कवयित्री होते. बँकवाल्यांनी माईक हातात घेतला आणि माझ्या जावयाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "हॉलंडच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेले..." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला भाषणातला 'हॉलंड' तेवढा कळला, म्हणून तो नारळ पोटाशी धरून हसला.

परत येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्यानं विचारलं, माझ्याबद्दल काय सांगितलं? मी खरं ते सांगितलं. त्याचे कान लालबुंद झाले.

"मी दुसऱ्या दर्जात खेळलो," तो म्हणाला. "तेसुद्धा फार अवघड असतं, बाबा."

मला बँकवाल्यांची शिसारी आली. जे आहे त्याचा मान ठेवता येत नाही, म्हणून नाही ते चिकटवायचं! पण दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आले, बायकोनं ते तिच्या बहिणींना पाठवले, आणि मी गप्प बसलो.

मग गुडघ्याचं निघालं. एमआरटी स्टेशनवरून आमच्या ब्लॉककडे यायला एक जिना आहे. एक दिवस दुपारी मी भाजी घेऊन येत होतो, तर हा जिना उलटा उतरत होता. कठडा धरून, तोंड जिन्याकडे, पाठ खाली, लहान पोरं उतरतात तसा. मला पाहून थांबला. खालच्या बाकावर बसून त्यानं सगळं सांगितलं. डाव्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजली होती. सामन्याआधी क्लबचा माणूस इंजेक्शन देतो, मग दीड-दोन तास गुडघा आपला नसतोच, आणि दुसऱ्या दिवशी कमोडवर बसायचं तरी भिंतीला धरावं लागतं. सूज चढली की सुईनं पाणी काढतात. त्यानं मला मोबाईलवर फोटोसुद्धा दाखवला, प्लास्टिकच्या पेल्यात तो पिवळा द्रव. अगदी कैरीच्या पन्ह्यासारखा. मी त्यानंतर पन्ह्याला तोंड लावलेलं नाही.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"क्लबचा की बाहेरचा?"

बाहेरचा डॉक्टर म्हणाला होता, आत्ता थांबलास तर आयुष्यभर चालशील, अजून एक वर्ष खेळलास तर चाळिशीत काठी. क्लबच्या डॉक्टरला बाहेरचं काही ठाऊक नव्हतं, तो सुई द्यायचा तेवढा. आणि क्लब वर्षअखेरीला करार वाढवणार होता. एक वर्ष आणखी. "तिला सांगू नका," तो म्हणाला. "एकच वर्ष. त्यानंतर मी काय करायचं ते ठरवीन. आत्ता मला काहीच दुसरं येत नाही."

करार वाढला तर दोघं सेंगकांगला एक भाड्याचा फ्लॅट घेणार होती, पाहूनही ठेवला होता. नाही वाढला तर हॉलंड. हे मुलीनं आम्हाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा मी काय करायला हवं होतं ते मला कळत होतं, आणि मला स्वतःला काय हवं होतं तेही कळत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बायको रोज देवापुढे कराराचं गाऱ्हाणं घालत होती. मी तिला गुडघ्याचं सांगितलं नाही, मुलीला नाही, कुणालाच नाही. भाजीची पिशवी त्याच्या हातात द्यायची मात्र बंद केली.

आणि दिवाळी आली. लग्नानंतरची पहिली, म्हणजे जावयाचा दिवाळसण. बायकोनं महिनाभर आधीपासून घर डोक्यावर घेतलं. अनारसे, चकल्या, जावयासाठी सोवळ्यासारखा पिवळा झब्बा. पाडव्याला मंडळातली दहा-बारा माणसं फराळाला बोलावली, बँकवालेही आलेच. दिवाणखान्याच्या मधोमध पाट मांडला, भोवती रांगोळी. तिला ती रांगोळी घालायला सकाळ गेली होती.

मी म्हटलं, "अगं, खुर्ची ठेव. उंच माणूस आहे."

"पहिला दिवाळसण खुर्चीवर?" तिच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. "लोक काय म्हणतील?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पाटाकडे पाहिलं, रांगोळीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मी बसतो." सज्जनपणा नडतो तो असा. तो बसला. डावा पाय कसाबसा दुमडला, तेव्हा कपाळावरची शीर उभी राहिलेली मला दिसली. बायकोनं ओवाळलं, मुलीनं ओवाळलं, अत्तर लावलं, भेटवस्तू दिली, फोटो झाले. मग कुणीतरी म्हणालं, आता उठा, थोरांच्या पाया पडा.

त्याला उठता येईना. आधी हसला. हात टेकून पाहिला, रांगोळी फिसकटली. दुसरा हात टेकला. पाय सरळ होईना. शेवटी तो एका कुशीवर कलंडला आणि चार पायांवर आला, माझा सहा फुटी जावई, पिवळ्या झब्ब्यात, आमच्या फरशीवर. आणि लोक हसले! 'जावई रुसले वाटतं', 'आणखी एक अंगठी घाला, उठतील', असल्या कोट्या सुरू झाल्या. बँकवाले मोबाईल धरून पुढे झाले होते. "एक मिनिट, एक मिनिट, पुन्हा करा," ते म्हणाले. मी त्याला बगलेत हात घालून उठवलं. त्याचा झब्बा घामानं भिजला होता. हसणाऱ्या तोंडांमध्ये माझ्या बायकोच्या हातची चकली होती, तिचा भुगा ओठांवर, आणि मला त्या सगळ्या तोंडांची इतकी किळस आली की मी आत जाऊन खरंच ओकलो. मुलगी मात्र हसली नव्हती. ती भिंतीला टेकून नवऱ्याच्या गुडघ्याकडे बघत उभी होती.

रात्रीपर्यंत व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर. त्याखाली हसणारे चेहरे, टाळ्या, 'हॉलंडचा स्टार पाटावर आडवा'. दोन दिवसांनी क्लबचा निरोप आला, भेटायला या. मुलगी कामावर गेली होती. "तुम्ही येता का?" त्यानं मला विचारलं, आणि मी गेलो.

मैदानाच्या बाकांखालीच त्यांचं ऑफिस. तिथला अधिकारी तरुण, अंगावर सेंटचा घमघमाट, हातात बबल टीचा पेला. आम्ही बसायच्या आत त्यानं मोबाईल आमच्याकडे फिरवला. आमचा दिवाणखाना, आमची रांगोळी, चार पायांवर माझा जावई, त्याला उठवणारा मी, आणि मागून ऐकू येणारं मराठी हसू. "अंकल, दिस यू, राइट?" तो म्हणाला. "व्हेरी फनी, आह." आणि नळीनं तळाचे साबुदाण्यासारखे गोळे ओढत राहिला. मग क्लबच्या डॉक्टरला बोलावलं, आणि जावयाला उकिडवं बसायला सांगितलं. बैल विकत घेताना बसवून उठवून पाहतात तसं. तो अर्ध्यातून वर आला. ज्या डॉक्टरनं वर्षभर त्याच गुडघ्यात सुया खुपसल्या, तो आता आश्चर्यानं मान हलवत होता! काय नाटकी माणसं. अधिकाऱ्यानं त्याच्या सेवेबद्दल आभार मानले, आता आम्ही तरुण मुलं घेतोय म्हणाला, आणि वर सांगितलं की ट्रॅकसूट आणि बॅग धुऊन परत करा. धुऊन!

उरलेल्या सामन्यांत त्याला मैदानात घेतलंच नाही. त्याची कारकीर्द कुठल्या मैदानावर संपली म्हणायचं? माझ्या दिवाणखान्यात संपली.

मी तडक ईस्ट कोस्टला गेलो. बँकवाले त्यांच्या कॉन्डोच्या पोहण्याच्या तलावाशेजारी पाय पसरून बसले होते, अंगाला तेल चोपडलेलं, पोटावर टॉवेल. मला बघून उठलेसुद्धा नाहीत. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मी फक्त आपल्या ग्रुपवर टाकला. घरचीच माणसं."

"मग क्लबपर्यंत कसा गेला?"

"आता ते मी कसं सांगू? पण एक सांगतो, लोकांना फार आवडला हो व्हिडिओ. पुण्याहूनसुद्धा मेसेज आले."

माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी बावीस वर्षांच्या मंडळाच्या ओळखीत कुणालाच बोललो नव्हतो. म्हटलं, माणूस पडला की त्याचा हात धरायचा असतो, तुम्ही मोबाईल धरलात. म्हटलं, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात तुमची. तलावातली पोरं पोहायची थांबून बघायला लागली. बँकवाल्यांचा खालचा ओठ थरथरत होता, आणि मला त्याचीही कीव आली नाही. तिथूनच मंडळाचा राजीनामा पाठवला. परतताना बसमध्ये मला फार बरं वाटत होतं. घाण कुठे आहे ते सापडलं की माणसाला बरं वाटतं.

जावयाच्या गावच्या क्लबनं त्याला पोरांना शिकवायला बोलावलं. जानेवारीत जायचं ठरलं. त्याआधी मुलगी एका शनिवारी म्हणाली, बाबा, सेंगकांगला येतोस का, त्या फ्लॅटच्या मालकिणीला भेटून 'नाही' सांगून येऊ. फोनवर सांगता आलं असतं, पण आम्ही गेलो. येताना तिथल्या छोट्या एलआरटीत बसलो. ती बिनड्रायव्हरची गाडी ब्लॉकांच्या मधून गोल फिरते आणि पुन्हा निघाली तिथेच येते. आमचं स्टेशन आलं. मुलगी उठली नाही. दारं मिटली, गाडी पुन्हा फिरायला निघाली.

"त्या काकांना तू उगाच बोललास, बाबा," ती म्हणाली.

"उगाच? त्या माणसानं..."

"व्हिडिओ मी पाठवला. क्लबला. मीच."

समोरच्या सीटवर एक आई मुलाला बिस्किट भरवत होती.

"रोज सकाळी तो बाथरूममध्ये नळ सोडून ठेवतो," ती हळू म्हणाली. "कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून. माझ्याच शेजारी झोपतो तो, बाबा. तुला वाटलं मला कळत नाही? मी सांगितलं, रडले, भांडले. एकच वर्ष, एकच वर्ष. क्लबच्या डॉक्टरला मी फोन केला होता, तो म्हणाला पेशंटनं तक्रार केलेली नाही. मग तो व्हिडिओ आला. त्यात दिसत होतं ना सगळं."

"मला सांगायचंस."

"तुला माहीत होतं. त्यानं तुला सांगितलंय हे मला माहीत होतं. तू बोलला नाहीस." तिच्या आवाजात राग नव्हता. "तुला आम्ही इथे हवे होतो."

माझ्या मनात काय होतं ते सांगतो, कारण लपवण्यात अर्थ नाही. मला तिची शिसारी आली. पोटच्या पोरीची. नवऱ्याची फजिती करणारी ती चित्रफीत स्वतःच्या बोटानं त्या बबल टीवाल्याला पाठवायची, आणि रात्री त्याच्याच गुडघ्याला मलम चोळायचं! आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की त्या घरात त्या माणसाच्या पायाचा विचार करणारं हे एकच माणूस होतं. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एकदम पोटात राहत नव्हतं.

"त्याला कळलं तर?" मी विचारलं.

"तू सांगितलंस तरच कळेल."

"मग मला तरी कशाला सांगितलंस?"

"कुणाला तरी सांगायला हवं होतं," ती म्हणाली, आणि पुढचं स्टेशन आलं तशी उठली.

त्या रात्री चौघं जेवायला बसलो. जावई म्हणाला, तुमचे ते बँकवाले, त्यांचा मला फोन आला होता. रडत होते. आईची शपथ घेऊन सांगत होते की तो व्हिडिओ क्लबला त्यांनी पाठवलेला नाही. मी त्यांना खूप वाईट बोललो. पण फोन ठेवल्यावर वाटायला लागलं, म्हातारा माणूस आहे, खोटं बोलत नसेल तर? त्यानं चमचा खाली ठेवला आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, तुमची खात्री आहे? त्यांनीच पाठवला?"

बायको माझ्याकडे बघत होती. मुलगी भाताच्या पातेल्यात बघत होती.

"खात्री आहे," मी म्हणालो. "त्यानंच पाठवला. माणूसच घाणेरडा आहे तो."

त्यानं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, आणि त्यानं चमचा उचलला. मुलीनं त्याच्या पानात भात वाढला, मग न विचारता माझ्याही पानात वाढला, आणि मी तो सगळा खाल्ला.